डिकी भिंतीला

"पट्टी सुटली," हे माझ्या कानाशी म्हणाले. "रीळ आतच राहिलंय. गाडीत जा आणि काढून आण."

अक्षता पडून, हार घालून झाले होते. वाजंत्री इतकी जोरात होती की त्यांचं बोलणं मला ओठांवरूनच समजलं. त्यांनी हातातला कॅमेरा माझ्या पदराखाली सरकवला, गळ्यातला दुसरा, जुना कॅमेरा पुढे घेतला आणि गर्दीत शिरले. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं, कारण ती पट्टी मी लावलेली होती.

चौऱ्याहत्तर सालचा मे महिना होता. बार्शीत आमचा फोटो स्टुडिओ होता, दोन खोल्यांचा. पुढच्या खोलीत फोटो, मागच्या खोलीत आम्ही दोघं आणि सासूबाई. तयार रिळं आम्ही घेत नसू. मोठं रीळ आणून, न्हाणीघराचं दार लावून, फटींत चिंध्या कोंबून मी ते अंधारात चाचपडत कापायची, लहान लहान डब्यांमधल्या दांडीला चिकटपट्टीने जोडायची आणि गुंडाळून ठेवायची. मला ते झकास जमायचं. पण त्या दिवशीच्या उन्हाने पट्टीचा डिंक पातळ झाला, शेवटचा फोटो काढून ह्यांनी रीळ पुढे सरकवायचा खटका ओढला आणि रिळाची शेपटी दांडीवरून सुटली. आता ते परत डबीत जाणार नव्हतं. झाकण उजेडात उघडलं असतं तर सीमांतपूजन, गौरीहर, अंतरपाट, हार, सगळं एका क्षणात पुसलं गेलं असतं. गव्हाणवाडीच्या काकडे पाटलांच्या घरचं लग्न, देवळापुढच्या मांडवात. ते काही आमच्यासाठी पुन्हा लागणार नव्हतं.

गाडी देवळाच्या मागच्या बाजूला, लिंबाखाली उभी होती. जुनी काळी फियाट. ती कशी उभी होती ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

हे गाडी कधीच सरळ लावत नसत. भिंत बघायची, गाडी उलटी घ्यायची आणि डिकी भिंतीला इतकी टेकवायची की मधून हातसुद्धा जाऊ नये. म्हणजे कुणी कुलूप तोडलं तरी डिकी उघडतच नाही. जिथे गाडी लावायची तिथे डिकीला हात लावायचा नाही, हाही त्यांचा नेम. गावाच्या अलीकडे दोन मैलांवर, रस्त्याला कुणी नाही असं बघून गाडी थांबवायची. लागणारं तेवढं सामान बाहेर काढायचं. बाकीचं, म्हणजे लांब लेन्स, फ्लॅशची पेटी, ज्याला सगळे बार्शीत बघायला यायचे तो परदेशी कॅमेरा, हे एका गोणपाटात घालायचं, वर स्टेपनी आणि त्याच्यावर कडब्याची एक पेंढी. बघणाऱ्याला वाटावं, शेतकऱ्याची गाडी आहे. आणि किल्ली मागच्या डाव्या चाकावर, चिखलपट्टीच्या आत. दोघांपैकी ज्याला लागेल त्याने घ्यायची आणि दार उघडल्याबरोबर परत तिथेच ठेवायची. "खिशात किल्ली राहिली की माणूस शोधत बसतो," हे म्हणायचे. "आणि हे फक्त तुला नि मला ठाऊक. आईलाही नाही."

मी नेमाप्रमाणे किल्ली घेतली, दार उघडलं, किल्ली परत चाकावर ठेवली आणि आत शिरून खिटी लावली. मागच्या सीटवर दोन घोंगड्या असायच्या, त्या याच कामासाठी. पुढची आणि मागची सीट यांच्यामधल्या जागेत मी गुडघे पोटाशी घेऊन बसले, दोन्ही घोंगड्या डोक्यावरून ओढल्या, कडा पायांखाली दाबल्या. मेंढराचा वास, लोकरीची कुसळं आणि भट्टीसारखी ऊब. डोळे उघडे ठेवले काय, मिटले काय, सारखंच. तेव्हा मी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं.

रीळ सापडलं. कडेला धरून ते बाहेर घेतलं, बोटांभोवती घट्ट गुंडाळलं आणि घोंगड्यांबरोबरच ठेवलेल्या पत्र्याच्या डबीत घालायला लागले. अर्धं गेलं असेल नसेल, तेवढ्यात मागच्या चाकाशी खरखर झाली.

मला वाटलं, हेच आले. मी हाक मारणार होते. पण पावलं दोन जणांची होती.

पुढचं दार उघडलं. गाडी एका बाजूला कलली, मग दुसऱ्या बाजूला. तंबाखूचा वास आला. माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर, सीटच्या पलीकडे, कुणीतरी धपकन बसलं.

"डिकी हितंच उघडू की," एक घोगरा आवाज म्हणाला.

दुसऱ्याने नुसतं "च्" केलं.

"बरं बाबा. भिंत आहे. चल मग."

गाडी सुरू झाली.

मी ओरडले का नाही, हे मला पुढे कित्येक वर्षं मीच विचारत आले. खरं सांगायचं तर तोंडाच्याही आधी माझे हात घाबरले. उघडं रीळ माझ्या हातात होतं. घोंगडी सारली की रीळ गेलं, आणि न सारली तर मी गेले. दोन्हींतलं काय हे ठरायच्या आत गाडी देवळाच्या कडेने बाहेर पडली होती. वाजंत्री मागे पडत गेली, मग ऐकू येईनाशी झाली. उरलेलं रीळ मी हाताला लागेल तसं डबीत कोंबलं आणि झाकण चाचपलं. घामाने हात ओले होते. झाकण निसटलं, पत्र्यावर टण्ण वाजलं आणि घरंगळत पुढच्या सीटखाली गेलं.

"काय वाजलं रं?"

मी डबीच्या तोंडावर तळहात दाबून धरला.

"आरं, काय वाजलं म्हणतो."

"जॅक असंल."

दोनच शब्द, तेही तोंडातल्या तोंडात. इंजिनाच्या आवाजात मला ते नीटसे कळलेही नाहीत.

"मागं कसलं बोचकं आहे?" घोगरा म्हणाला आणि सीटवरून हात मागे टाकला. तो हात माझ्या डोक्यावर पडला. मधे दोन घोंगड्या होत्या, तरी मला त्याची पाची बोटं मोजता आली असती. त्याने घोंगडीचं टोक धरून जरा उचललं. कुठूनतरी उजेडाची एक चिरी माझ्या मनगटावर आली. मी हात पोटाशी दाबला. मनात देवाचं नावसुद्धा आलं नाही. एवढंच आलं, की हा आता हसेल. सापडलेल्या माणसाला बघून माणूस आधी हसतो, असं का कोण जाणे मला वाटलं.

"असू दे की. घोंगड्या आहेत. फोटोवाला झाडाखाली बसायला टाकतो," दुसरा म्हणाला.

टोक खाली पडलं.

"आणि ती बाई? ती संगं असती म्हणालास. आली मधीच गाडीकडं तर?"

"न्हाई येत. आक्का पंगतीत असंल."

आक्का.

मला आक्का म्हणणारं माणूस जगात एकच होतं. माझा धाकटा भाऊ, चांगदेव.

तोपर्यंत मी जिवाला भ्याले होते. त्या शब्दानंतर जे झालं त्याला मला अजून नाव सापडलेलं नाही. आठच दिवसांपूर्वी चांगा घरी आला होता. ट्रकवरचं क्लीनरचं काम सुटलं होतं, तोंड सुकलं होतं. मी त्याला आमरस वाढला आणि त्याची करमणूक व्हावी म्हणून नवऱ्याच्या हुशारीच्या गोष्टी सांगत बसले. कडब्याची पेंढी कशी, डिकी भिंतीला कशी, किल्ली कुठल्या चाकावर. "तुझे दाजी म्हणजे काय समजलास!" असं म्हणाले होते मी. सासूबाई आतून सुपारी कातरत म्हणाल्याही होत्या, "कौसल्या, तोंडाला झाकण असू दे." मला राग आला होता.

आता कॅमेरे गेले तर घर बसणार होतं. पण तेवढंच नव्हतं. चाकावरची किल्ली दोघांना ठाऊक. एक ते, एक मी. कुलूप मोडलेलं नाही, काच फुटलेली नाही. मी गाडीकडे गेले आणि गाडी गेली. मी जिवंत परत गेले तरी ह्यांच्यापुढे कुठल्या तोंडाने उभी राहणार होते? आणि चांगाचं नाव घेतलं तर माझं माहेर संपलं, न घेतलं तर माझं सासर संपलं.

रस्ता कच्चा लागला. गाडी आदळायला लागली. मी डबीवर तळहात दाबून, दुसऱ्या हाताने सीटचा पाय धरून होते. घामाने डोळे चरचरत होते. मग गाडी थांबली.

"झाप लावलीय," घोगरा म्हणाला. "थांब, सारतो. पलीकडं वढ्यात उतरवू. तिथं कुत्रं फिरकत न्हाई."

दार उघडलं. पावलं लांब गेली. वाट अडवणारी काट्यांची झाप ओढल्याची सरसर ऐकू आली.

मी म्हणाले, "चांगा, घोंगडी उचलू नकोस. रीळ उघडं आहे."

आजही मला कळत नाही, एवढ्या सगळ्यात माझ्या तोंडून रिळाचंच कसं निघालं. बोलले ते कुजबुजीपेक्षा मोठं नव्हतं. पुढे सीटचं स्प्रिंग करकरलं.

"आक्का?"

"मागे वळव गाडी."

"आक्का, तू... कधीपासून..."

"मला श्वास घेता येत नाही, चांगा. वळव."

तो हलला नाही. बाहेर झाप ओढायचा आवाज थांबला होता. आता तो माणूस वळणार, येणार. चांगा लहानपणी मार बसायच्या आधी नाकाने जसा सूं सूं करायचा तसा आवाज मला ऐकू आला.

"चल की!" बाहेरून हाक आली. "झाप सारली, आण गाडी!"

आणि गाडी मागे उसळली. मी सीटवर आपटले. गाडी वळताना काहीतरी मोडलं, बहुतेक बाभळीची फांदी. "अय! अय चांग्या! कुठं रं!" तो धावत आला. त्याने डिकीवर पंजा आपटला, एकदा, दोनदा, माझ्या पाठीमागे, अगदी जवळ. मग आपटणं थांबलं. शिव्या मात्र बराच वेळ मागून येत राहिल्या.

वाजंत्री पुन्हा ऐकू यायला लागली तेव्हा मला रडू फुटलं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

लिंबाखाली गाडी थांबली.

"झाकण शोध," मी म्हणाले. "तुझ्या सीटखाली गेलंय. घोंगडीच्या खालून आत सरकव. उजेड येऊ देऊ नकोस."

तो वाकून चाचपडत होता. मग त्याची बोटं कडेखालून आत आली. मेच्या उन्हात ती बोटं गार पडली होती आणि झाकण माझ्या हातात देईपर्यंत ते डबीवर तीनदा वाजलं. मी ते घट्ट दाबून बसवलं आणि मगच डोकं बाहेर काढलं.

चांगा बाहेर उभा होता. एकवीस वर्षांचा पोरगा, पण त्या वेळी म्हातारा दिसत होता.

"कोण होता तो?"

"सोलापूरचा. ट्रकवर वळख झाली. म्हणाला, सामान दे, तुला मुंबईला कामाला लावतो."

"आणि तुझ्या दाजींना विचारलं असतंस तर?"

"तीन बारी इचारलं, आक्का. बघू म्हणाले."

"मला मारून टाकलं असतं त्याने."

"मला ठावं नव्हतं गं तू आत हाईस म्हणून. आईच्यान."

"जा आता. हे यायच्या आत जा."

तो जायला वळला आणि तिथेच थबकला. देवळाच्या कोपऱ्यावरून हे येत होते.

ते नेहमीसारखे चालत आले. खांद्यावर कॅमेरा, कपाळावर अक्षता चिकटलेल्या. "निघालं का रीळ?" त्यांनी लांबूनच विचारलं.

मी डबी पुढे केली. त्यांनी ती घेतली, कानाशी हलवून बघितली. मग मान वर केली आणि गाडीकडे पाहिलं.

मीही तेव्हाच पाहिलं. गाडीचं तोंड भिंतीला होतं. डिकी रस्त्याकडे, उन्हात, सगळ्या जगाला दिसेल अशी उघडी पडली होती. तिच्यावरच्या धुळीत पंज्याचे दोन ठसे. बंपरमध्ये बाभळीची डहाळी.

मी दाराला धरून राहिले.

त्यांची नजर डिकीवरून माझ्यावर आली. माझे केस विस्कटलेले, लोकरीची कुसळं तोंडाला चिकटलेली. मग चांगावर गेली, आणि चांगाच्या मुठीवर. मुठीतून किल्लीचं टोक बाहेर आलेलं होतं.

"चांगदेव," ते म्हणाले, "कधी आलास?"

"आत्ताच, दाजी."

"जेवलास?"

चांगाने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

ह्यांनी हात पुढे केला. चांगाने त्यावर किल्ली ठेवली. त्यांनी ती जरा वेळ तळहातावर तशीच धरली, वजन करावं तशी. मला वाटलं, आता हाक मारतील. हाकेवर पन्नास माणसं होती, पाटलांची माणसं, आणि चोराला देवळापाशी धरून मारायला त्यांना पंगत सोडून यायला वेळ लागला नसता.

त्यांनी किल्ली चांगाच्या हातात परत दिली.

"गाडी नीट लाव," म्हणाले. "डिकी भिंतीला. चल, मी बसतो शेजारी."

दोघं आत बसले. दारं लागली. मी उन्हात उभी. काचेतून मला दोघांची डोकी दिसत होती. गाडी सुरू व्हायच्या आधी ह्यांचे ओठ हलले. चांगाने तोंड त्यांच्याकडे केलं आणि काहीतरी बोलला. ह्यांचे ओठ पुन्हा हलले. मग गाडी पुढे आली, वळली आणि हळूहळू, हळूहळू मागे जाऊन भिंतीला टेकली. मधून हात जाणार नाही इतकी.

उतरल्यावर हे मला म्हणाले, "तोंड धुऊन घे. उन्हाने लाल झालंय."

एवढंच. त्या दिवशी एवढंच, आणि पुढेही एवढंच. रीळ धुतलं तेव्हा सगळे फोटो ठीक आले. फक्त नवरी हार घालते त्या फोटोच्या कडेला पांढरा धूर होता. "हा उजेड कुठून आला?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "घोंगडी सरकली." ते "हं" म्हणाले आणि छापताना तेवढी कड त्यांनी कापून टाकली. किल्ली त्यानंतर चाकावर कधी ठेवली नाही. ती माझ्या कमरेला आली. आणि पुढच्या सोमवारी चांगा आमच्याकडे गाडी चालवायला लागला. अकरा वर्षं त्याने गाडी चालवली. कुठल्याही गावात, कितीही घाई असो, डिकी भिंतीला.

पण माझी भीती गेली नाही. ह्यांना कळलं होतं, हे मला ठाऊक होतं. किती कळलं होतं, ते ठाऊक नव्हतं. किल्ली कुठे असते हे चांगाला कुणी सांगितलं, ते का सांगितलं, मी त्यात होते का, हे त्यांनी मनात कसं लावलं असेल? कधी ते कामात गप्प असले की मला वाटायचं, आज विचारतील. पुढे वाटायला लागलं, विचारतील तर बरं. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नऊ वर्षांपूर्वी ते गेले.

गेल्या भाऊबीजेला चांगा आला होता. आता त्याचेही दात पडलेत, काठी घेऊन चालतो. ओवाळून झाल्यावर मी त्याला आधी कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"त्या दिवशी गाडीत तुला हे काय म्हणाले होते रे?"

"कुठल्या दिवशी" असं तो म्हणाला नाही. निरांजनाकडे बघत बसला.

"दाजी म्हणाले होते, तुला सांगू नको."

"आता ते नाहीत. सांग."

"म्हणाले, चांगदेव, एकच इचारतो, खरं सांग. गाडी नेलीस तवा ती आत हाय हे तुला ठावं होतं का?"

"मग?"

"मी न्हाई म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं जरा वेळ." चांगाने उपरण्याने नाक पुसलं. "मग म्हणाले, बास. एवढंच इचारायचं होतं. घे मागं आता. भिंत जपून."